दिवा गेला तर जाऊन बघा

मेश्राम मॅडमना कुणी काहीही सांगितलं, की त्या आधी एकच शब्द विचारायच्या.

"कधीचं?"

"मॅडम, सर्व्हर चालू आहे." "कधीचं?" "मॅडम, देवधर सर केबिनमध्ये आहेत." "कधीचं?" म्हणजे तुम्ही आत्ता बघून सांगताय, की मघाशी चहाला जाताना दिसले होते ते सांगताय? पहिल्या महिन्यात मला याचा फार राग यायचा. आपण 'आहे' म्हटलं की समोरच्याने ते मान्य करावं, एवढी साधी अपेक्षा असते. मॅडम ती कधीच पुरी करत नसत.

आमची कंपनी लहान. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही इंटरनेटला जोडलेली यंत्रं करतो. पाण्याचे मीटर, टाकीची पातळी कळवणारे सेन्सर, गोदामातलं तापमान सांगणाऱ्या डब्या. या यंत्रांच्या पोटातला प्रोग्रॅम मॅडम लिहायच्या. यंत्राने कधी जागं व्हायचं, काय बोलायचं, कुणाशी बोलायचं, हे सगळं त्यांच्या हातात. माझं काम अगदी शेवटचं. यंत्राचा निरोप हवेतून, तारांतून फिरून मोबाइलवर आला, की तो लोकांना नीट दिसेल असा पडदा मी करायचो. अजूनही तेच करतो.

मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. इतकी वर्षं पुण्यात राहून बोलणं पुस्तकी झालं होतं, पण चिडल्या की मधूनच 'का'ऐवजी 'काहून' निसटायचं. उंची बेताची, सुती साडी, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. लहानपणी उजवा कान फुटून वाहायचा, त्यातच तो गेला. डाव्या कानाला यंत्र होतं. मी रुजू झालो त्या दिवशी शेजारची खुर्ची ओढून बसलो, तर म्हणाल्या, "पानसे, या बाजूला बसलात तर मी बोलत नाही म्हणून रुसू नका. तिकडचं दुकान कायमचं बंद आहे. डावीकडे या."

आपण काही सांगितलं की त्या ते आपल्यालाच परत म्हणून दाखवायच्या. "म्हणजे मीटर सकाळी बंद पडला आणि दुपारी आपोआप चालू झाला. बरोबर?" चहावाल्यालासुद्धा, "दोन चहा, एक बिनसाखरेचा. बरोबर?" आणि चुकून आपण घाईत बोललो तर हात डाव्या कानामागे धरून म्हणायच्या, "पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसरं हुकलं, चौथं आलं. तिसरं परत सांगा." सगळं परत नाही. फक्त तिसरं.

आमचे मालक देवधर सर. त्यांची जीभ पेठेतली.

"मॅडमकडे काहीही टाका, पोच मिळते," ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले.

"तुमच्याकडे टाकलेलं कधी पोचत नाही सर," मॅडम म्हणाल्या, "म्हणून मी तरी देते."

एका दुपारी त्यांनी काड्यापेटीएवढा सेन्सर माझ्या तळहातावर ठेवला. "हा किती बोलतो माहीत आहे?" मी म्हटलं, सारखाच बोलत असणार, पडद्यावर सारखे आकडे येतात. त्या हसल्या. "हा जवळजवळ सगळा जन्म झोपून काढतो. बोलणं फार महाग असतं पानसे. आणि कुणीतरी बोलेल म्हणून कान उघडे ठेवून बसणं, तेही महागच. या बॅटरीवर याला काही वर्षं काढायचीत. म्हणून हा उठतो, पाणी किती आहे ते बघतो, एक वाक्य बोलतो, आणि क्षणभर कान उघडा ठेवतो. 'ऐकलं' असं उत्तर आलं की झोपला. नाही आलं, तर थोडा थांबून तेच वाक्य परत. प्रत्येक वाक्याला नंबर. म्हणजे तिसरं हुकलं तर ऐकणाऱ्याला कळतं, की तिसरं हुकलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण माझ्यासमोर एक बाई बसली होती, जी लहानपणापासून नेमकी याच पद्धतीने जगत आली होती. अर्ध्या ऐकू येणाऱ्या जगात निरोप शाबूत कसा पोचवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं, तर हात झटकून म्हणाल्या, "मी नाही बापा शोधलं हे. ज्यांनी शोधलं ते सगळे माझ्यासारखे बहिरे असणार."

विश्रांतवाडीतल्या एका मोठ्या सोसायटीत आमचे विजेवर चालणारे पाण्याचे मीटर बसले होते. एक दिवस वीज गेली, परत आली, आणि सगळे मीटर मुके झाले. गच्चीवरचा गेटवे, म्हणजे ज्या डब्याशी हे सगळे मीटर बोलतात तो, ठणठणीत होता. मीटरही ठीक होते. तरी निरोप एकाचाही नाही. देवधर सर पुरवठादारावर उखडले. मॅडम म्हणाल्या, "सगळे खाली पार्किंगमध्ये चला."

खाली वॉचमन काका खुर्चीवर बसले होते. मॅडमनी आम्हा सगळ्यांना त्यांच्यासमोर अर्धगोलात उभं केलं. "तुम्ही मीटर. काका गेटवे. वीज गेली, डोळे मिटा. आली! आता प्रत्येकाने काकांना आपलं नाव आणि सकाळपासून किती ग्लास पाणी प्यालात ते सांगा. काका 'हं' म्हणेपर्यंत सांगत राहा."

आम्ही सगळे एकदम ओरडलो. काकांना एकही नाव कळेना. त्यांनी 'हं' म्हटलं नाही, म्हणून आम्ही सगळे परत एकदम ओरडलो. मग आणखी मोठ्याने. टाइल्सच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली.

"मॅडम," काका कळवळून म्हणाले, "ह्यांना आधी पाणी पाजा."

"बघा," मॅडम आमच्याकडे वळल्या. "कुणी खोटं बोलत नाही, कुणी बिघडलेलं नाही. सगळे एकदम जागे झाले, एवढाच गुन्हा. आता प्रत्येकाने मनात एक आकडा धरा. मला सांगू नका, शेजाऱ्यालाही नाही. तेवढं थांबा, मग बोला. दोघांचं बोलणं आपटलं तर पुढच्या वेळी आणखी लांबचा आकडा धरा."

आणि पार्किंगमध्ये शांतता झाली. मग एकेक नाव उमटायला लागलं. मध्येच दोघं आपटले, थांबले, वेगवेगळ्या वेळी परत बोलले. काका 'हं', 'हं' करत गेले. कुणी रांग लावली नव्हती, कुणी हुकूम दिला नव्हता, तरी सगळ्यांचं बोलणं झालं. माझ्या अंगावर काटा आला हे मी खरंच सांगतो. संध्याकाळपर्यंत मॅडमनी मीटरच्या प्रोग्रॅममध्ये ते 'मनातलं थांबणं' घातलं. त्यानंतर तिथे वीज अनेकदा गेली. मीटर पुन्हा कधी मुके झाले नाहीत.

याच सुमारास एकदा डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "बाबा कसे आहेत?" माझे वडील कसबा पेठेत एकटे राहतात. मी विश्रांतवाडीत. एकाच शहरात.

"मजेत आहेत," मी म्हटलं.

"कधीचं?"

माझा घास हातातच राहिला. मी शेवटचं कधी गेलो होतो, शेवटचा फोन कधी केला होता, मला पटकन आठवेना. 'मजेत आहेत' हे उत्तर मात्र तयार होतं, आणि मी ते कित्येक दिवस भेटेल त्याला देत होतो. मॅडमनी भेंडीची भाजी माझ्याकडे सरकवली.

मग नदीकाठच्या वस्तीचं काम आलं. एका संस्थेने पैसे उभे केले होते. धरणातून पाणी सोडलं की नदी त्या वस्तीत शिरायची. सूचना यायच्या, पण कधी उशिरा, कधी अर्धवट. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा अगदी काठावरच्या घरातल्या लताबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या अंगणवाडी सेविका. आत कॉटवर त्यांची सासू, पाय गेलेले. "पाणी कधी येणार हे मला टीव्हीवर नको," लताबाई म्हणाल्या. "हिला उचलून चढावर न्यायला चार माणसं लागतात. ती गोळा करायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. बाकी काही मागत नाही."

बाहेर आल्यावर मॅडमनी ते शब्दन् शब्द मला म्हणून दाखवलं. "चार माणसं गोळा करण्याइतका वेळ. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर.

बेत साधा होता. पुलाखाली सेन्सर टांगायचा, तो पाण्याची पातळी मोजणार. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या गच्चीवर गेटवे. पाणी चढलं की विहारावरचा भोंगा वाजणार, आणि आमच्या मोबाइलवरही निरोप. सेन्सरचा निरोप मोबाइलवर यायचा तो केवढी वाट चालून. पुलावरून गच्चीवर, गच्चीवरून टॉवरवर, तिथून कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर, आणि परत माझ्या खिशात, पापणी लवायच्या आत. मला त्याचं फार अप्रूप. मॅडमनाही होतं, पण भोंगा त्यांनी त्या वाटेवर ठेवला नाही. "नदी समोर, विहार समोर. मधे परदेशाला कशाला विचारायचं? इंटरनेट गेलं तरी भोंगा वाजला पाहिजे." तो गेटवेलाच थेट जोडला.

खरा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. देवधर सरांचं म्हणणं, पाणी चढेल तेव्हाच सेन्सरने बोलावं, एरवी गप्प. बॅटरी वाचेल. मॅडम म्हणाल्या, "नाही. पाणी चढो न चढो, त्याने दर पाच मिनिटांनी 'मी आहे, पाणी एवढं आहे' असं म्हटलंच पाहिजे. आणि विहाराच्या दारावर हिरवा दिवा. त्याचं बोलणं ऐकू येतंय तोवर तो जळेल. ऐकू आलं नाही, की विझेल."

"म्हणजे आपलं यंत्र बंद पडलं, तर त्याची जाहिरात आपणच करायची?" सर म्हणाले.

"हो. तीच करायची."

"मॅडम, जगात कंपन्या चुका लपवायला पैसे देतात."

"सर, गप्प बसलेलं माणूस झोपलंय की मेलंय, हे बंद दाराबाहेरून कळतं का? काहून सांगायचं मग लोकांना, की सगळं ठीक आहे? 'माहीत नाही' हेही एक उत्तर आहे. तेही पोचलं पाहिजे."

सर उठून गेले. पण नाही म्हणाले नाहीत.

ऑफिसात चाचणी सुरू झाली. सेन्सर पाण्याच्या बादलीवर टांगला, पडदा मी केलेला. नदीचं चित्र, हिरव्या अक्षरांत 'पातळी सामान्य'. सगळ्यांनी वाखाणला. दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर 'पातळी सामान्य' होतंच.

"कधीचं?"

"आत्ताचं मॅडम, हे काय समोर."

त्यांनी मूठ उघडली. तीत सेन्सरची बॅटरी होती. सकाळी आल्या आल्या काढली होती. अर्धा दिवस सेन्सर मेलेला होता आणि माझी नदी हिरवीगार. शेवटचा जो निरोप आला, तोच मी तसाच दाखवत राहिलो होतो. आमच्या धंद्यात ही चूक सर्रास होते. नवीन काही आलं नाही, तर जुनं पुसायचं कुणी, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"तुमचा पडदा खोटं बोलत नाही पानसे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "जुनं बोलतो. पुराच्या वेळी दोन्ही एकच."

मला डब्यातली ती भेंडी आठवली. मान वर करवेना. पडदा दुरुस्त करायला मला फार वेळ लागला नाही. निरोपाशेजारी त्याची वेळ दिसू लागली, आणि ती जुनी झाली की अक्षरं करडी होऊन 'माहीत नाही' असं उमटू लागलं.

बसवायच्या दिवशी विहारात सगळी वस्ती जमली. मॅडमनी आधी भोंगा वाजवून दाखवला. मग पुलाखाली माणूस पाठवून सेन्सर बंद करायला लावला. थोड्या वेळाने दारावरचा हिरवा दिवा गेला.

"भोंगा वाजला तर?"

"पळायचं!"

"आणि दिवा गेला तर?"

कुणी म्हणालं, कंपनीला फोन करायचा. कुणी म्हणालं, काही नाही, वायरमनला बोलवायचं.

"दिवा गेला तर जाऊन बघायचं," मॅडम म्हणाल्या. "आपल्या डोळ्यांनी, नदी कुठे आहे ते. दिवा गेला म्हणजे पूर आला असं नाही. दिवा गेला म्हणजे आम्हाला माहीत नाही. आता मला परत म्हणून दाखवा."

लताबाई हसल्या. "मॅडम, आमची अंगणवाडीची पोरंसुद्धा एवढी घोकंपट्टी करत नाहीत."

"त्यांच्या घरात पाणी येत नाही का?"

लताबाईंचं हसू थांबलं. सगळ्यांनी म्हटलं. मॅडम हात कानामागे धरून उभ्या होत्या. समाधान होईना, म्हणून दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. पुढे मी कामाला गेलो की बघायचो, विहारावरून जाणारा प्रत्येक जण जाता जाता दिव्याकडे नजर टाकायचा.

त्या पावसाळ्यात एका दुपारी माझ्या पडद्यावर अक्षरं करडी झाली. माहीत नाही. धरणातून पाणी सोडल्याची बातमी होतीच. मी लताबाईंना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. खाली येऊन आम्ही रिक्षा पकडली. वस्तीकडे जाणारा रस्ता बंद केला होता. पोलिसाने चढावरच्या शाळेकडे बोट दाखवलं.

शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी. रडणारी पोरं, भांडी, गाद्या, सगळ्यांचं एकदम बोलणं. मॅडमनी कानाचं यंत्र काढून मुठीत घेतलं. त्या गोंगाटात त्याचा उपयोग नव्हता. त्यांनी लताबाईंना गाठलं, दोन्ही खांदे धरले, आणि त्यांच्या ओठांकडे बघत विचारलं, "सगळे वर आले?"

"सगळे."

"मोजलेत?"

"मोजले मॅडम."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही दारात होता तेव्हा. आत्ता."

मॅडम खाली बसल्या. तिथेच, ओल्या फरशीवर.

भोंगा वाजलाच नव्हता. पाणी भोंग्याच्या खुणेपर्यंत चढायच्या आधीच वाहत आलेलं झाड पुलाखाली आदळलं आणि सेन्सर घेऊन गेलं. अंगणवाडीतून परतताना लताबाईंना दारावरचा दिवा दिसला नाही. त्या दिराला घेऊन काठावर गेल्या. नदीचा रंग आणि आवाज बघितला आणि परत फिरल्या. चार माणसं गोळा झाली. सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. बाकीची वस्ती मागोमाग निघाली. पाणी घरांत शिरलं तेव्हा घरं रिकामी होती.

"तुमचं मशीन वाहून गेलं हो मॅडम," लताबाई ओशाळून म्हणाल्या, जसं काही त्यांनीच सोडून दिलं होतं.

खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, "मशीन गेलं तर नवीन देतील. माझी औषधाची पिशवी कुणी आणली नाही, ते बोला."

मॅडमनी मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सावकाश, तोंड नीट दिसेल असं सांगितलं. आणि त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

नंतर शाल-नारळ झाला. "बंद पडलेल्या यंत्राचा सत्कार पहिल्यांदाच बघतेय," असं म्हणून त्यांनी ती शाल लताबाईंच्या सासूला देऊन टाकली. देवधर सरांच्या नव्या माहितीपत्रकावर आता हिरवा दिवा पहिल्या पानावर असतो.

मी मात्र त्या दिवसानंतर बरेच दिवस नीट झोपलो नाही. बॅटरी मुठीत घेऊन त्या माझ्यामागे आल्या नसत्या, तर माझी नदी त्या दुपारीही हिरवीगार राहिली असती. मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहिली नाही ना? मग झालं." त्यांच्यासाठी ते तिथे संपलं. माझ्यासाठी अजून संपलेलं नाही.

पुढे त्यांचा डावा कानही उतरत गेला. मीटिंगमध्ये बरीच वाक्यं हुकू लागली. एक दिवस त्यांनीच सरांना सांगितलं, "माझ्याकडून पोच येईनाशी झाली, की समजा दिवा गेला. त्याआधी मीच सांगते." मॅडम कोल्हापूरला मुलीकडे राहायला निघाल्या.

स्वारगेटला मी पोचवायला गेलो. गाडी वातानुकूलित, खिडक्यांच्या काचा पक्क्या. त्या आत बसल्या, डाव्या हाताची खिडकी, आणि मी खाली उभा. काचेतून त्यांना काही ऐकू येणार नव्हतं आणि मलाही. इतकी वर्षं त्यांच्याच वाट्याला असलेलं ऐकू न येणं त्या क्षणी माझ्याही वाट्याला आलं.

त्यांचे ओठ हलले. "बाबा?"

मी हसून अंगठा वर केला. मजेत.

त्यांनी मनगट वळवलं आणि आतल्या बाजूच्या तबकडीवर बोटाने दोनदा टकटक केलं.

माझा अंगठा खाली आला. गाडी मागे सरली, वळण घेऊ लागली. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी हात डाव्या कानामागे धरला होता, हुकलेलं वाक्य परत येण्याची वाट बघताना धरायच्या तसा. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो हात तसाच होता.

मी कसबा पेठेच्या दिशेने चालायला लागलो. वाटेत फोन करता आला असता. केला नाही. जाऊन बघायचं होतं.